पानाआडचा गळा

नसीमा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बहरीनमध्ये, अदलियाच्या आमच्या घरी मेथी निवडत बसले होते. पलीकडून तिची मुलगी शबाना म्हणाली, "मावशी, अम्मी गेली... चहा मागितला तिने, आणि मी घेऊन येईपर्यंत..." मी "बरं" म्हणाले. जिवाभावाचं माणूस गेल्यावर "बरं" म्हणणारी मी पहिलीच असेन. मेथी तशीच टाकून निघाले. दुपारपर्यंत दफनही उरकलं. पुरुष कबरस्तानात गेले आणि आम्ही बायका तिच्या बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकून बसलो. त्याला आता काही आठवडे झाले, तरी कुणी "वैनी" म्हटलं की मी अजून मान वळवते.

नसीमा रत्नागिरीकडची, मी पुण्याची. लग्न होऊन इथे आले, तेव्हा बाब अल बहरीनच्या बाजारात एका कापडवाल्याशी तोडक्यामोडक्या हिंदीत हुज्जत घालत होते. मागून मराठीत आवाज आला, "वैनी, ह्याच्याकडला रंग जातो. पुढल्या दुकानात चला." ती तिथेच एका ऑफिसात नोकरीला होती. तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच होते. नवरा बँकेत म्हणून मान ताठ, आणि पक्ष्यांचं माझं शिक्षण कावळा, चिमणी, कबूतर इथेच आटोपलेलं. नसीमा हिवाळ्यात शुक्रवारी सकाळी मला अस्करच्या किनाऱ्यावर न्यायची. मागे अॅल्युमिनियमच्या कारखान्याच्या चिमण्या, पुढे ओहोटीच्या चिखलात एका पायावर उभे रोहित पक्षी. ती तासन्‌तास दुर्बीण लावून बसायची, आणि ही बया, म्हणजे मी, गॉगल चढवून त्यांच्यापुढे स्वतःचे फोटो काढून घ्यायची. रोहित माझ्या मागे आहेत की उडून गेले, हेही मी कधी वळून पाहिलं नाही.

इथे आपल्याला नवा मराठी माणूस भेटला की आपण नावाच्या आधी गाव विचारतो. नसीमा पक्ष्यांनाही तेच विचारायची. पक्षी राहतो कुठे, किती उंचीवर, कुठल्या झाडाला, हे कळल्याशिवाय नाव तोंडातून काढायची नाही. तिची नोकरी संपली आणि माझ्या यजमानांच्या गुडघ्यांनी प्रवासाला नकार दिला, तेव्हा आम्ही दोघीच दक्षिण अमेरिकेला निघालो. इक्वेडोरच्या डोंगरात ढग उतरतात असं जंगल आहे. तिथे मी गळ्यात दुधीभोपळ्याएवढी लेन्स आणि अंगात झेंडूच्या रंगाचं जाकीट घालून गेले. पहिल्याच सकाळी फांदीवर भली मोठी चोच दिसली आणि मी ओरडले, "धनेश." आसपासचं सगळं जंगल उडून गेलं.

नसीमाने दुर्बीण खाली घेतली. "वैनी, धनेश आपल्या कोकणातला. तो इथे कशाला येईल? हा टूकान. मोठा नाक दिसला म्हणून काय लगेच आपला माणूस?"

ती तिथे गेली होती ती एका हमिंगबर्डसाठी. जांभळ्या गळ्याचा, अंगठ्याएवढा. त्याचा एक भाऊबंद त्याच जंगलात असतो. पाठ, शेपूट, चोच सगळं तसंच, फक्त गळा हिरवा. शेवटच्या दिवशी पाऊस भुरभुरत असताना ओल्या काटकीवर तो येऊन बसला... तो किंवा भाऊबंद. नसीमाच्या दुर्बिणीवर वाफ धरली होती. ती पदराने काचा पुसेपर्यंत मी फोटो घेतला आणि पक्षी गेला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं, तर पाठ स्पष्ट, डोळा स्पष्ट, आणि गळ्यावर नेमकं एक पान आडवं. गाइड म्हणाला, बहुतेक तोच. मी तर नाचायलाच लागले. नसीमा मला म्हणाली, "बहुतेक नावाचा पक्षी नसतो गो."

विमानात मी तिच्या मागे लागले. "अगं, जांभळाच दिसला असं वहीत लिहून टाक ना. कोण येतंय विचारायला?"

"मीच विचारीन ना," ती म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

पुन्हा जायचं तिच्या मनात फार होतं. "इंशाल्ला, पुढल्या वर्षी," असं ती म्हणायची. मग हृदयाचं दुखणं निघालं. शबानाने तिकीट काढू दिलं नाही.

चाळिसाव्या दिवसाच्या फातिहाआधी शबाना तोच फोटो मोठा करून, चौकट घालून माझ्याकडे आली. "मावशी, खाली नेम लिहायचंय. अम्मीला तो बर्ड दिसला होता ना?" मी चष्मा शोधायला लागले. ती म्हणाली, "मीच तिला थांबवलं. पहिल्या वेळी दिसला असेल, तर मग... तेवढं तरी."

खोटं बोलणं मला जड नाही. सुनेच्या भाजीला रोज छान म्हणते. जांभळा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण फोटोतल्या त्या पानाकडे पाहिलं, आणि नसीमाने स्वतःला जे दिलं नाही ते तिच्या माघारी मी कोण देणारी, असं वाटलं. म्हटलं, "नाही गं. तिला हळहळ होती. पण खोटं नाव देऊन तिने ती मिटवली नाही." शबाना बराच वेळ रडली. मी तिची समजूत घातली नाही. नुसती शेजारी बसले.

फोटो आता त्यांच्या बैठकीच्या खोलीत आहे. परवा मी तिथे बसले असताना रत्नागिरीचे एक पाहुणे आले होते, पक्ष्यांतले जाणकार. चष्मा सरसावून म्हणाले, "हा तो जांभळ्या गळ्याचाच. नाव का नाही घातलंत?"

शबानाने माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांच्यापुढे खजुराची बशी सरकवत म्हणाली, "नक्की माहीत नाही, चाचा. अम्मीला दिसला नव्हता." आवाज जराही हलला नाही. मी चहाचा कप तोंडाला लावला... तो केव्हाच संपला होता.