सहा रोडगे आणि चार मिनिटांची शांतता

मी पाहिलेला सर्वांत चांगला नाट्यप्रयोग अकोल्यात झाला, आणि त्यातली सर्वांत चांगली चार मिनिटं सोडली तर बाकी सगळा मी पाहिला आहे.

आमच्या अमरावतीत चार शिकलेली माणसं चहाला जमली की 'तुमच्या आयुष्यातला अविस्मरणीय प्रयोग कोणता' हा विषय निघतोच. मग कोणी म्हणतं, मी त्या नटाला पहिल्या रांगेतून पाहिलं. कोणी म्हणतं, त्या बाईंनी सूर लावला आणि माझ्या अंगावर काटा आला. (या काटेवाल्यांपैकी निम्मे लोक त्या वेळी मंडपाबाहेर भजी खात होते. मी खात्रीने सांगू शकतो, कारण प्लेट माझ्याच हातात होती.) माझी पाळी आली की मी गप्प बसतो. मग माझी बायको सुनंदा म्हणते, "सांगा ना! आता लाजून काय उपयोग?"

सुनंदा कॉलेजात नाटकांत काम करायची. लग्नानंतर ते सुटलं. कोणी सोडायला लावलं नाही, पण कोणी सोडू नको असंही म्हटलं नाही, आणि त्या 'कोणी'त मुख्यतः मीच होतो. तेवीस वर्षांनी आमच्या कॉलनीतल्या हौशी नाट्यमंडळाने तिला विचारलं आणि तिने मला न विचारता होकार दिला.

मंडळाचे दिग्दर्शक इंगळे सर. दिवसा सरकारी कचेरीत फायली, संध्याकाळी रंगभूमी. गळ्यात मे महिन्यातही मफलर. नाटक त्यांनीच लिहिलेलं, नाव 'पालथं पातेलं'. एका घरात तीन दिवस चूल पेटलेली नाही. नवरा कामाच्या शोधात शहरात गेला आहे, तो परतत नाही. आई आणि मुलगा वाट पाहत बसतात. दोन अंक ते वाटच पाहतात. आईचं काम सुनंदाकडे. मुलाचं काम इरफानकडे. इरफानचं गांधी चौकाकडे शिवणकामाचं दुकान आहे आणि तो आपल्या रंगमंचावरच्या आईपेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे. पण इंगळे सरांच्या मते वय हा प्रकाशयोजनेचा प्रश्न होता.

या नाटकाच्या शेवटी चार मिनिटांची शांतता होती. मुलगा उपाशीपोटी झोपतो. आई पालथ्या पातेल्यासमोर बसून राहते, आणि अगदी शेवटी मान वर करून समोर पाहते. बस्स. पडदा.

"त्या नजरेत सगळं आलं पाहिजे, सुनंदाताई," इंगळे सर म्हणायचे. "थकवा, संताप, आणि तरीही नवऱ्याला सोडून न जाणं."

सुनंदा घरी तालीम करायची. मी संध्याकाळी आलो की ती स्वयंपाकघरात जमिनीवर पातेल्यासमोर बसलेली.

"आज जेवायला काय?" मी विचारायचो.

ती चार मिनिटांनी म्हणायची, "नाही जमलं." मला वाटायचं, स्वयंपाकाबद्दल बोलते आहे.

एकदा मी माझ्या स्वभावाप्रमाणे म्हणालो, की हौशी नाटकाचं एवढं मनावर घ्यायचं नसतं. ती शांतपणे म्हणाली, "मला बक्षीस नको. पुन्हा कधी संधी मिळेल माहीत नाही. ती चार मिनिटं तेवढी नीट व्हावीत." मी बाहेर जाऊन पेपर वाचला.

स्पर्धेची प्राथमिक फेरी अकोल्याला होती, दुपारी चारचा प्रयोग. मंडळी सकाळी पोहोचणार, मग थांबायचं कुठे? अकोल्याला माझी कुसुमआत्या राहते. मोठं अंगण, एकटी बाई, पाहुण्यांची हौस. मी फोन करून व्यवस्था केली आणि या नाटकाला माझा हातभार लागल्याचं चारचौघांत सांगितलं.

निघायच्या आदल्या दिवशी इंगळे सरांनी फर्मान काढलं. "उद्या प्रयोग होईपर्यंत प्रत्येकाला एक केळं. उपाशी माणसाचा अभिनय भरल्या पोटी होत नाही." मग ते माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही आत्याबाईंना तसं सांगा."

मी म्हणालो, सांगतो.

आता वऱ्हाडातल्या आत्याला, बारा माणसं घरी येत असताना, 'स्वयंपाक करू नको' असं फोनवर सांगणं म्हणजे तिच्याशी असलेलं नातं संपवणं. मी मध्यम मार्ग काढला. "आत्या, जेवण हलकंच ठेव," असं सांगितलं.

आम्ही मूर्तिजापूर ओलांडून साडेदहाला अकोल्यात पोहोचलो. आत्याच्या फाटकापाशीच धूर दिसला. अंगणात गोवऱ्यांचा विस्तव आणि विस्तवात रोडगे! कणकेचे क्रिकेटच्या चेंडूएवढे गोळे, निखाऱ्यांत भाजायचे, फोडायचे आणि तुपात बुडवायचे. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. हे जेवण झाल्यावर वऱ्हाडी माणूस खळ्यात, झाडाखाली, जिथे असेल तिथे आडवा होतो.

"आत्या, हलकं म्हटलं होतं!"

"हलकंच तं आहे. गोड नाई केलं काही."

इंगळे सर मफलर सावरत पुढे आले. "आत्याबाई, क्षमा करा. आमचं नाटक भुकेवर आहे. कलाकारांनी उपाशी राहणं ही त्यांची साधना आहे."

आत्याने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नाटकात लेकरं उपाशी मारता ते मारता, अन् माह्या घरी बी उपाशी ठेवता? तुमी दिग्दर्शक तिकडं. इथं मी हाव. बसा पाटावर!"

इंगळे सर बसले. चार रोडगे खाल्ले. (पाचवा त्यांनी तत्त्व म्हणून नाकारला.) इरफान पहिल्यांदा "नको, अम्मा" म्हणाला. "अम्मा म्हनतं अन् नको म्हनतं?" आत्याने विचारलं. त्याने पाच खाल्ले.

मी सहा खाल्ले. मी भाचा. मला पर्याय नव्हता.

फक्त सुनंदाने काही खाल्लं नाही. ती कोपऱ्यात केळं घेऊन बसली.

"दोन तरी खाय वं सुनंदा! असं कोनी राहते का उपाशी?"

"प्रयोगानंतर खाईन, आत्या."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हनुवटीवर तूप होतं. "तुम्हाला एक काम सांगितलं होतं," एवढंच ती म्हणाली.

चारच्या प्रयोगाचा पडदा पाच वाजता उघडला, कारण आधी उद्घाटन होतं. समई पेटेना. ती पेटवायला सात मान्यवर होते, आणि सातांनी मिळून एका वातीला वारा घालायचं काम केलं. मग सात शाली, सात नारळ. एका मान्यवरांनी 'रंगभूमी म्हणजे काय' हे पस्तीस मिनिटं सांगितलं आणि शेवटी ते शब्दांत सांगता येत नाही असा निष्कर्ष काढला. पहिल्या रांगेत मी, शेजारी आत्या. एवढं सगळं मी जागा राहून ऐकलं, याची नोंद व्हावी.

नाटक सुरू झालं. इरफान रंगमंचावर आला. उपाशी माणसासारखा जड पावलांनी चालत होता. फक्त पावलं जड असण्याचं कारण वेगळं होतं.

"आई," तो म्हणाला, "तीन दिवस झाले. पोटात अन्नाचा..."

आणि त्याने ढेकर दिली. बारीकशी नव्हे. शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारी, नटाला शोभेल अशी! नाट्यगृह हसलं. सुनंदाने ते सांभाळून घेतलं. पदराने त्याचं तोंड पुसत ती म्हणाली, "पाणी पिऊन पिऊन वारा भरला रे पोटात." हसू थांबलं. मला पहिल्यांदाच वाटलं, की बाईला हे खरंच येतं.

मग तिचं वाक्य आलं, "घरात दाणा नाही. मी सकाळपासून काही खाल्लं नाही."

"मी म्हनलं होतं तिले!" आत्या मोठ्याने म्हणाली. "म्हनलं होतं, दोन रोडगे खाय म्हनून! ऐकते का?"

मागून कोणीतरी "शूऽऽ" केलं.

"शू काय? माही भाचेसून आहे!"

मी आत्याला कसंबसं गप्प केलं आणि ठरवलं, की आता त्या चार मिनिटांत इथे टाचणीही पडू द्यायची नाही. निदान तेवढं तरी आपण सुनंदासाठी करू. दुसरा अंक संपत आला. दिवे मंद झाले. इरफान आडवा झाला. सुनंदा पातेल्यासमोर बसली. सगळीकडे शांतता. मी खुर्चीत मागे टेकलो, हात पोटावर ठेवले, आणि...

यापुढचं मला आत्याने सांगितलं.

पहिलं मिनिट ठीक गेलं. दुसऱ्या मिनिटाला मी घोरायला लागलो. आत्याच्या वर्णनानुसार सुरुवात बारीक होती, मग लय आली. अख्ख्या नाट्यगृहात दुसरा आवाज नव्हता.

"मग उठवलं का नाहीस?"

"काहून उठवू? दमला होता तू."

सुनंदाला तो आवाज ओळखू येणारच. तेवीस वर्षांचा परिचय. ती हलली नाही. चौथं मिनिट संपताना तिने सावकाश मान वर केली आणि सरळ पहिल्या रांगेत पाहिलं. माझ्याकडे. इरफान नंतर मला म्हणाला, "सर, मी तर डोळे मिटून पडलो होतो. एक डोळा उघडून भाभींकडे बघितलं आणि पुन्हा मिटून घेतला. खुदा कसम, उठायची हिंमतच नाही झाली."

पडदा पडला. मी टाळ्यांनी जागा झालो आणि मोठ्याने टाळ्या वाजवल्या.

परतीच्या प्रवासात बडनेऱ्याजवळ मी सुनंदाला म्हणालो, "चार मिनिटं छान झाली." ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

तीन दिवसांनी निकाल आला. नाटक अंतिम फेरीत! अभिनयाचं पहिलं पारितोषिक सुनंदाला! आणि परीक्षकांचा लेखी अभिप्राय इंगळे सर स्वतः घरी घेऊन आले आणि उभ्याने वाचू लागले. "'एकीकडे उपाशी माता, आणि अंधारातून येणारा तृप्त घोरण्याचा आवाज. हे घोरणे एका माणसाचे नाही, ते संवेदनाहीन व्यवस्थेचे घोरणे आहे. आणि त्या दिशेने नायिकेने टाकलेला कटाक्ष! थकवा, संताप आणि तरीही सोडून न जाणे, हे सारे एका नजरेत! ध्वनियोजनेला दाद द्यावी तेवढी थोडी.'"

मी सुनंदाकडे पाहिलं. तिला हसू आवरत नव्हतं.

"मला शिव्या द्यायच्या होत्या तुम्हाला," ती म्हणाली. "पण खरं सांगू? त्या क्षणी मी अभिनय करतच नव्हते. इतके दिवस जी नजर शोधत होते, ती तिथे सापडली."

नवऱ्याने बायकोच्या कलेला याहून जास्त काय द्यावं? मी नम्रपणे मान हलवली. पण इंगळे सर निघाले नाहीत. त्यांनी पिशवीतून संहिता काढली. शेवटच्या पानावर लाल शाईने कंसात लिहिलं होतं : (व्यवस्था घोरते.)

"सर, अंतिम फेरी अमरावतीतच आहे. तुमची जागा पहिल्या रांगेत. तीच खुर्ची."

"अहो, मी ते मुद्दाम केलं नव्हतं!"

"सगळे मोठे कलाकार असंच म्हणतात," इंगळे सर म्हणाले.

अंतिम फेरीच्या दिवशी आत्याला अकोल्याहून आणलं. आमच्या गच्चीवर गोवऱ्या पेटल्या. शेजाऱ्यांनी धुराबद्दल विचारलं, तर इंगळे सरांनी "नाटकाची तयारी" असं खरं तेच सांगितलं. या खेपेला मला सात रोडगे खाऊ घातले. इरफानला मात्र एक केळं.

"खाय बाप्पा," आत्या म्हणाली, "सुनंदाचं नाटक तुह्याच पोटावर आहे."

आणि मी पहिल्या रांगेत बसलो. पोट भरलेलं, खुर्ची मऊ, भाषणं नेहमीचीच. पण झोप येईना! माझी वेळ जवळ येते आहे, याच विचाराने छाती धडधडू लागली. नटांना हे रोज होतं, हे मी पुस्तकांत वाचलं होतं आणि अतिशयोक्ती समजत होतो. दिवे मंद झाले. सुनंदा पातेल्यासमोर बसली. एक मिनिट गेलं. मी टक्क जागा. दोन मिनिटं. विंगेतून इंगळे सर मफलर हलवून मला खुणा करू लागले. तीन मिनिटं. आत्याने कोपर मारलं, "घोर ना!"

मी डोळे घट्ट मिटले आणि घोरलो. जमेल तेवढ्या जोराने. मध्येच श्वास अडकला, म्हणून पुन्हा सुरुवातीपासून घोरलो.

सुनंदाने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत थकवा नव्हता, संतापही नव्हता. तिचे ओठ थरथरले, आणि तीन दिवसांची उपाशी माता तोंडाला पदर लावून खुदकन हसली.

नाटकाला उत्तेजनार्थही मिळालं नाही. मला वाटलं होतं ती रडेल. पण ती म्हणाली, "माझी चार मिनिटं अकोल्यात झाली. ती कोणी परत घेत नाही." मग तिने या वेळचा अभिप्राय उलगडला आणि सकाळच्या चहाला मला मोठ्याने वाचून दाखवला. तिच्याबद्दल एकच ओळ होती, हसण्याचं प्रयोजन कळलं नाही. उरलेला परिच्छेद माझ्यावर होता, आणि त्याचा शेवट असा होता : 'प्रेक्षागृहातील घोरणाऱ्या नटाची निवड चुकली आहे. घोरण्यात सहजता नाही. अनुभवाचा अभाव जाणवतो.'