निवली की निघू

सबंध मुलुंडात आमच्या काकांइतका थंड डोक्याचा माणूस नव्हता, आणि उष्णतेची त्यांच्याइतकी धास्ती घेतलेलाही दुसरा कुणी नव्हता. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. धास्ती स्वतःसाठी नव्हती हो, भर वैशाखात ते चहा बशीत न ओतता प्यायचे. धास्ती होती ती त्यांच्या गाडीसाठी. युद्धाच्या आधीची, काळीभोर, विलायती गाडी, एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून घेतलेली. तिच्यात खोड एकच. पेट्रोलची तांब्याची नळी इंजिनाला अगदी खेटून गेलेली. इंजिन तापलं की नळी तापायची, आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची, आणि पंपाला पेट्रोल ओढता येतं, वाफ ओढता येत नाही. की गाडी जागच्या जागी थंड, म्हणजे गरम. हे सगळं मला गाडीतलं कळतं म्हणून नाही सांगत; काकांनी ते आमच्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगितलं होतं, माझी सोयरीक घेऊन आलेल्या गृहस्थांनासुद्धा.

त्या नळीचे काकांनी जे लाड केले ते त्यांच्या पोटच्या पोरांचे झाले नाहीत. तुपाच्या डब्याचा पत्रा कापून त्यांनी नळी आणि इंजिन यांच्यामध्ये आडोसा केला. नळीला सुती दोरी गुंडाळली. मग कुणीतरी सांगितलं की नळीवर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावले तर उष्णता कमी होते; त्या आठवड्यात चाळीतल्या साऱ्या दोऱ्यांवरचे चिमटे नाहीसे झाले आणि जोश्यांचं धोतर थेट भांडुपच्या दिशेनं उडालं. कुणाकडे गेले की गाडी सावलीत लावायची म्हणून घर सोडून दोन गल्ल्या पलीकडे उतरायचे, आणि यजमानांनी दिलेल्या पाण्यातलं अर्धं स्वतः पिऊन अर्धं तांब्यानं गाडीकडे न्यायचे. डिकीत पाण्याचा एक गंजका डबा कायम असायचा. गाडी थांबली की ओलं फडकं नळीवर ठेवायचं, बॉनेट उघडं टाकायचं आणि गाडीच्या पायरीवर बसून म्हणायचं, "घाई नाही. निवली की निघू." मावशी त्या गाडीला सरळ ‘माझी सवत’ म्हणायची. पंधरा वर्षांत तिनं गाडीवरून साधं फडकं फिरवलं नव्हतं.

माझं लग्न बोरीवलीला ठरलं तेव्हा बाबांनी टॅक्सी सांगायची म्हटली. मी हट्टच धरला की जाईन तर काकांच्या गाडीतून. पुढचे आठ दिवस काका नळीपाशीच होते. मुहूर्त चुकला असता तर माझ्या सासूबाईंनी मला जन्मभर ऐकवलं असतं, आणि काकांनी पुन्हा कुठल्याच लग्नात तोंड दाखवलं नसतं. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

लग्नाच्या सकाळी नवल घडलं. मावशीनं पहाटेपासून बसून झेंडूची दाट जाळी ओवली होती, ती तिनं आपल्या हातानं गाडीच्या तोंडावर बांधली. वर डिकीतला गंजका डबाही काढून ठेवला. नवरीच्या गाडीत असलं शोभतं का, म्हणाली. काकांनी जाळीकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "झकास."

वऱ्हाडाची बस पुढे गेली. मागून गाडीत आम्ही चौघं, काका, मावशी, मी आणि मांडीवर पाण्याचा करा धरून बसलेली करवली, म्हणजे माझी धाकटी बहीण. पवई गेली, अंधेरी गेली. गोरेगावच्या पुढे, दोन्ही बाजूंना नुसतं वाळकं गवत असताना, गाडीनं दोन आचके दिले आणि ती थांबली. मुहूर्ताला पाऊण तास होता. काकांनी बॉनेट उघडलं. नळीला बोट लावून झटकन मागे घेतलं आणि क्षणभर त्या जाळीकडे बघितलं. मला कळलं. मावशीलाही कळलं.

"अहो, फुलांनी वारा अडला का हो?" ती कशीबशी म्हणाली.

"छे गं. ऊनच तसलं आहे."

पेट्रोलच्या बाबतीत काका आयुष्यात तेवढं एकच खोटं बोलले.

डिकीत डबा नव्हता. काकांची नजर कऱ्यावर गेली. बहिणीनं करा पोटाशी घट्ट धरला. "काका, हे पूजेचं पाणी आहे."

"मग नवरीच्याच कामाला येतंय ना? आण इकडे."

लग्नासाठी घेतलेलं जरीकाठी उपरणं त्यांनी खांद्यावरून काढलं, कऱ्यातल्या पाण्यात भिजवलं आणि नळीभोवती गुंडाळलं. मावशीनं मुकाट्यानं जाळी सोडली आणि वाळ्याच्या पंख्यानं, जो खरं तर माझ्यासाठी आणला होता, ती आपल्या सवतीला वारा घालत बसली. शालूत घामानं चिंब झालेली मी पायरीवर काकांशेजारी बसले. कुणी घड्याळाकडे बघायचं नाही असा त्यांचा हुकूम होता. वीसेक मिनिटांनी काकांनी नळी चाचपली आणि म्हणाले, "चला, निवली."

आम्ही पोचलो तेव्हा भटजी अंतरपाट हातात घेऊन उभे होते. बहिणीनं कार्यालयाच्या नळावर करा भरला आणि माझ्यामागे येऊन उभी राहिली. सासूबाईंना आजतागायत काही कळलेलं नाही. फक्त लग्नाच्या प्रत्येक फोटोत काका उपरण्याशिवाय उभे आहेत. ते नळीवरच राहिलं होतं, आणि पुढे गाडी विकेपर्यंत काकांनी ते काढलं नाही.

काकांच्या शेवटच्या आजारात मी मुलुंडला गेले होते. अंगात ताप होता. मावशी आणि मी आळीपाळीनं कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत होतो. डोळे मिटलेलेच ठेवून ते मला म्हणाले, "कऱ्यात पाणी आहे ना गं?"

"आहे, काका."

"मग बसा पाच मिनिटं. निवली की निघू."

मला रडू आवरेना. मावशी मात्र त्यांच्या कानाशी वाकली. इतक्या वर्षांत पुन्हा कधी न विचारलेलं तिनं विचारलं, "अहो, आता तरी खरं सांगा. त्या दिवशी माझ्या फुलांनीच वाट लावली होती ना?"



"छे गं," काका म्हणाले, "ऊनच तसलं होतं."

मावशीनं पट्टी उचलली, पुन्हा भिजवली आणि त्यांच्या कपाळावर ठेवली.