सूत धरणारे दगडू मिस्त्री

मराठीच्या मास्तरानं निवृत्तीनंतर तरी गप्प बसावं. मी बसलो नाही, म्हणून तर हे किस्से साठले!

मस्तगडात दगडू मिस्त्रींच्या दुकानात मी रोज चहाला जातो. एकदा सहज बोलून गेलो, "सुतार हा शब्द सूत्रधारावरून आलाय. सूत्र म्हणजे दोरा. तो धरणारा तो सुतार."

मिस्त्री तेव्हा गेरूत भिजवलेलं सूत फळीवर ताणून लाल रेघ मारत होते. थबकले. "म्हंजे सूत न्हाई तर सुतार न्हाई?"

"बिलकुल!" मी म्हणालो. तिथंच माती खाल्ली.

"मंग आपली रेखा सूत धरणाऱ्याच्याच घरात देणार!"

आणि त्यांच्या लेकीला, रेखाला, पसंत होता अंबडचा सचिन. तोही सुतारच, पण रेघ मारायचा लेझर मशीनवर!

*

रेखाच्या वाढदिवसाला केक आला. मिस्त्री ओरडले, "थांबा! अंदाजानं कापू न्हाई!" सुताचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि केकवर दणकून फटका मारला. क्रीम माझ्या चष्म्यावर, केकवर गेरूची लाल रेघ!

केक कोणीच खाल्ला नाही. पण कापला गेला अगदी सरळ.

*

शहागडचं एक स्थळ आलं. मुलगा सूतवाला! मिस्त्री खूश. रेघ मारून दाखवताना त्यानं सूत असं ओढलं की ते तुटलं आणि तो मागच्या, लाकूड चिकटवायच्या सरसाच्या घमेल्यात बसला.

"तुटलं, पण सोडलं न्हाई बघा सर!" मिस्त्री म्हणाले.

रेखा म्हणाली, "बाबा, आधी त्यांची पँट सोडवा."

*

पोरीसाठी माझा जीव तुटत होता. मी मिस्त्रींना समजावलं, "लेझर म्हणजे उजेडाचं सूतच की!"

"बरं. त्याला गाठ मारून दाखवा."

*

शेवटी सचिन घरी आला. एकाच भिंतीवर दोघांनी फळीसाठी आडवी रेघ मारायची, असं ठरलं. मिस्त्रींनी सुतानं मारली, सचिननं लेझरनं. दोन्हींत एका टोकाला बोटभर फरक!

"भिंत वाकडी हाय," मिस्त्री म्हणाले.

"तुमचं स्टूल डुगडुगून राह्यलं," सचिन म्हणाला. लेझर त्यावरच ठेवलं होतं.

रेखानं आतून पातळी बघायची, पाणी भरलेली पारदर्शक नळी आणली. एक टोक आईकडे दिलं, दुसरं स्वतः धरलं. दोन्ही टोकांना पाणी एका पातळीत थांबलं.

"बाबा, तुमची रेघ उतरती हाय. अन् यांची बी!"

मिस्त्री माझ्याकडे वळले. "सर, नळी धरणारीला काय म्हंत्यात?"

मी व्युत्पत्ती शोधेपर्यंत सचिनच म्हणाला, "आमच्या दुकानात मालकीण म्हंतील."

मिस्त्रींनी नळी गुंडाळून रेखाच्या हातात दिली.

"नळी घेऊन जा गं संगं. तिकडं लागंल."