किकवीच्या ओढ्यातली खेकडी

नसीम गेल्याचा फोन तिच्या धाकट्या भावानं केला तेव्हा मी भोरच्या एसटी स्टँडवर उभी होते. मनात पहिला विचार आला तो हा, की ही बाई मरणाच्या बाबतीतही घाईच करून गेली. रागच आला मला. आता महिना उलटून गेला, तरी तो राग उतरत नाही आणि मला कुठं स्वस्थ बसवतही नाही.

आम्ही एकाच कॉलेजात शिकवायचो. मी इतिहास, ती प्राणिशास्त्र. नव्वदच्या सुमारास ती नोकरीला लागली, तेव्हापासून तिच्या डोक्यात खेकडेच होते, तेही समुद्रातले नव्हेत, आपल्या ओढ्याकाठच्या बिळांतले. पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, त्यांची स्वतःची जनुकांची एक छोटी गोल साखळी असते आणि ती फक्त आईकडून लेकरात येते, हे तिनं मला एसटीत, दाराच्या दांड्याला धरून उभ्याउभ्या शिकवलं. दोन खेकड्यांच्या साखळ्या अक्षर न् अक्षर ताडून पाहिल्या की त्यांच्या आज्या-पणज्या केव्हा वेगळ्या झाल्या त्याचा अंदाज येतो. त्यात गोड्या पाण्यातल्या खेकडीची पिल्लं तिच्या पोटाशीच वाढतात आणि तिथंच उतरतात. डोंगर ओलांडून जातंय कोण? "अगं, यांचं सासर-माहेर एकाच ओढ्यात," ती म्हणायची. म्हणजे ओढ्याओढ्याचं घराणं वेगळं. ती घराणी जुळवून भोर-वेल्ह्याचे खेकडे कुणापासून कसे फुटत गेले ते मांडायचं, हा तिचा ध्यास होता.

खेकडा ती मारत नसे. एक पाय घ्यायचा, अल्कोहोलच्या नळीत टाकायचा आणि त्याला सोडून द्यायचं. पाय पुन्हा फुटतो म्हणे. विंझरकडच्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. "एका पायाचं कालवण करनार व्हय, बाई?" नसीमही हसायची, आणि त्यांचं हसू संपायच्या आत पुढच्या ओढ्याकडं निघालेली असायची.

मग ते किकवीचं प्रकरण झालं. हायवेजवळच्या एका ओढ्यातला खेकडा वेल्ह्याच्या पलीकडच्या एका ओढ्यातल्या खेकड्याशी तंतोतंत जुळला. मध्ये एवढे डोंगर! प्रयोगशाळेतले लोक म्हणाले, मॅडम, एकाच खेकड्याचे दोन पाय तुमच्या दोन नळ्यांत गेलेत. ती पुन्हा किकवीला गेली, तर या खेपेचा खेकडा तिथल्याच घराण्याचा निघाला. झालं, चूक तिचीच ठरली. वेल्ह्याचा ओढा पुन्हा तपासावा, तर तो तोवर धरणाच्या पाण्याखाली गेलेला. तेवढा नमुना वगळा, मग या संशोधनाचा लेख छापू, असं प्रयोगशाळेतून तिला सांगितलं गेलं. "वगळला म्हणजे मी खोटी ठरले," ती म्हणाली, आणि लेख तसाच अडकून पडला. त्यानंतर तिच्या हृदयानं दगा द्यायला सुरुवात केली. पुण्याच्या हॉस्पिटलात मी शेवटची भेटले तेव्हाही ती उशीला टेकायला तयार नव्हती. "मी नळ्या बदलल्या नाहीत गं... तुला तरी पटतंय ना?" मी हो म्हटलं. पटलं होतं की नाही, देव जाणे.

परवा कॉलेज सुटल्यावर घरी जाववेना. समोर आलेली एसटी धरून किकवीला उतरले आणि त्या ओढ्यावर गेले. काठाला एक घर. अंगणात शांताबाई नावाच्या एक बाई वाल सोलत होत्या. बोलता बोलता मी सहज विचारलं, माहेर कुठलं?

"आता कुठलं माहेर? वेल्ह्याच्या पल्याड व्हतं, धरणात गेलं." त्या ओढ्याकडं बघत म्हणाल्या, "पाणी यायच्या आदी आईनं यष्टीतनं डब्यात खेकडी आनली. म्हनली, पोरांना आपल्या वड्याची चव दाव. म्या कापाया घेतली तर पोटाशी ही पिल्लं! आई म्हनली, लेकुरवाळी हाय, सोड तिला. मग दिली सोडून हितं वड्यात."

म्हणजे नसीमला पहिल्या खेपेला मिळालेला खेकडा याच खेकडीच्या घराण्यातला होता. प्रयोगशाळेला मी आता कळवलं आहे, ते नव्यानं नमुने घेणार आहेत, बहुधा लेखही छापतील. तिच्या माणसांना त्याचं समाधान वाटेल. मला वाटत नाही. कारण मी नसीमचं वर्णन सांगितलं, तशा शांताबाई लगेच म्हणाल्या, "त्या बाई व्हय! दोनदा आल्या की. दोन्ही डाव म्हनलं, बसा, च्या टाकते, चार गोष्टी बोलू. चालता चालताच हात केला न् म्हनल्या, पुढच्या येळी नक्की."

मग माझ्यासाठी चहा आला. मी बसून, सावकाश, सगळा प्यायले. एक कप चहा तर होता गं, नसीम.