कार्बन जाळणारे काका

संध्याकाळी टाइपरायटरवर कापड टाकलं, की काका दिवसभराचे कार्बनपेपर गोळा करत आणि व्हरांड्यातल्या तुपाच्या रिकाम्या डब्यात जाळत. जळून होईपर्यंत शेजारी उभे राहत आणि मग काडीने राख ढवळत. "कार्बन उजेडाला धरला की बोलतो, ताई," म्हणत. "टाइप केल्यालं समदं दिसतं. त्याला मागं ठिवू न्हाय."

उमरग्याजवळच्या आमच्या सहकारी सूतगिरणीत ते टायपिस्ट होते. तुमच्याही कचेरीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्या खोडीवर सगळे हसतात आणि तिचं कारण कुणी विचारत नाही. वॉचमन तर रोज ओरडायचा, "काका, आज कुणाला अग्नी दिला?" काका नुसते हसत.

दुष्काळाच्या त्या वर्षी गिरणीत कॉम्प्युटर आला. सोलापूरच्या इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून मला त्याच्यापुढे बसवलं. माझं कुणाशी फारसं बोलणं नव्हतं. यंत्राला त्याची गरज नव्हती. ते तापू नये म्हणून खोलीत कूलर होता आणि त्यात रोज घागरीने पाणी ओतलं जाई. काका दारातून बघत. "ह्याची चैन हाय," एवढंच म्हणत.

काका गिरणीमागच्या बौद्ध वस्तीत राहत. वस्तीसाठी मंजूर झालेला टँकर गिरणीच्या अध्यक्षांच्या द्राक्षबागेत रिकामा होई. सगळ्यांना ते माहीत होतं. पण वस्तीतली बहुतेक माणसं गिरणीतच कामाला होती, त्यामुळे तोंड उघडणाऱ्याची हजेरी दुसऱ्या दिवशी बंद झाली असती.

एकदा काकांनी मला हळूच विचारलं, "ह्याचा कार्बन कुठं ऱ्हातो?"

मी सांगितलं, की लिहिताना यंत्र आपल्यापुरती एक जास्तीची प्रत फ्लॉपीवर करून ठेवतं. मूळ मजकूर पुसला, तरी ती प्रत राहते. ती वेगळी शोधून पुसावी लागते.

"म्हंजे न सांगता ठिवतंय," ते म्हणाले. त्यानंतर बराच वेळ ते त्या काळ्या पातळ फ्लॉपीकडे पाहत होते.

काही दिवसांनी त्यांनी वस्तीचा अर्ज आणला. मुंबईला पाठवायचा होता. टाइपरायटरची अक्षरं गिरणीत कुणीही ओळखली असती आणि यंत्राला मराठी येत नव्हतं, म्हणून मी तो यंत्रावर इंग्रजीत लिहिला. खाली सह्या करणाऱ्यांची नावं टाइप केली. त्यात काकांच्या सुनेचंही नाव होतं. दुपारच्या सुट्टीत कागद छापून निघाला. मूळ मजकूर मी पुसला. यंत्राने ठेवलेली प्रत शोधणार, तेवढ्यात वीज गेली आणि कूलरचा आवाज थांबला.

आम्ही वाट पाहत बसलो. दुपार कलली तरी वीज आली नाही. मॅनेजरसाहेब संध्याकाळी फ्लॉपी मागून घेत आणि कपाटात ठेवत. दुसऱ्या दिवशी सोलापूरचा इंजिनिअर येऊन त्यातलं सगळं तपासणार होता. वस्तीची सगळी नावं त्यात होती आणि अंधाऱ्या यंत्रापुढे मला काहीच करता येत नव्हतं.

व्हरांड्यात साहेबांच्या बुटांचा आवाज आला. काकांनी छापलेला कागद माझ्या डब्याच्या पिशवीत सरकवला, फ्लॉपी उचलली, कार्बनच्या गठ्ठ्यात घातली आणि नेहमीच्या चालीने बाहेर गेले. प्लास्टिक जळण्याचा उग्र वास आला. "काका, आज कुणाला अग्नी दिला?" वॉचमनने विचारलं. त्या दिवशी काका हसले नाहीत.

"चुकी झाली, साहेब," ते म्हणाले. "कार्बनमधी गेली."

रोज कार्बन जाळणाऱ्या माणसाची अशी चूक होऊ शकते, हे कुणालाही पटलं असतं. साहेबांना अर्धंच पटलं. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय होतं तिच्यात?"

"हजेरी," मी म्हणाले. तीही होतीच.

सकाळी अध्यक्षांची जीप आली. जबाबासाठी जायचंय, असं काकांना सांगितलं. त्यांनी टाइपरायटरवर कापड टाकलं. सकाळीच ते कापड टाकताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. ते परत आले नाहीत. महिन्याच्या आत त्यांच्या घराला कुलूप लागलं. कुणी म्हणे हैदराबादला गेले.

वस्तीतल्या सह्या झाल्यावर कागद मी उमरग्याच्या पोस्टात टाकला होता. एक अधिकारी येऊन गेला आणि टँकर वस्तीत येऊ लागला. अर्ज कुणी केला, हे गिरणीत कुणी शोधलं नाही. त्यांना हवा तो माणूस आधीच मिळाला होता.

पुढे नवीन यंत्र आलं. सगळं त्याच्या पोटातच राहायचं. इंजिनिअर खुशीत म्हणाला, "आता काही जळायची भीती नाही. पुसलं तरी आधी नुसतं फाइलचं नाव जातं, मजकूर आत असतो. मी काढून देईन."

मी मान हलवली. बाहेर व्हरांड्यात डबा तसाच होता, तळाशी काळं चिकटलेला. तेव्हापासून कुठलीही गोष्ट लिहिताना, ती किती काळ कुठे राहील हे मला सांगता येत नाही. म्हणून इथेही त्यांचं नाव लिहिलेलं नाही.