ब्यूलाच्या मधुचंद्रात मेणबत्ती नसते

दक्षिण आफ्रिकेतल्या पार्लच्या मुख्य रस्त्यावर, बँक आणि बेकरीच्या मध्ये दाबून बसवल्यासारखी एक प्रवासाची कचेरी आहे. तिथे ब्यूला फेब्रुआरी लोकांचे मधुचंद्र जुळवते. आधी जंगल, मग समुद्र, शेवटी द्राक्षमळे. कुणाला हवं असेल तर उलटं. कोणत्या मुक्कामावर माकडं खिडकीतून आत येऊन साबण पळवतात, कोणत्या खोलीतला नळ रात्रभर ठिबकतो, कोणत्या मळ्याचा मालक वाइन पाजता पाजता स्वतःच्या घटस्फोटाची कथा लावतो, हे सगळं तिला तोंडपाठ. आडनाव महिन्याचं, कारण पूर्वजाला ज्या महिन्यात गुलाम म्हणून विकत घेतलं तोच महिना मालकाने त्याच्या नावापुढे चिकटवला. परदेशी गिऱ्हाईक त्या नावावर हसलं की ती म्हणते, "अठ्ठावीस दिवसांत भागवायची सवय आमच्या रक्तातच आहे हो."

तिच्या हातचा मधुचंद्र घेऊन गेलेली जोडपी खूश परत येतात. तक्रार असलीच तर एकच. इतर कुणाकडून गेलं तर एका तरी संध्याकाळी वाळूत टेबल मांडून मेणबत्त्यांच्या उजेडात जेवण असतं. ब्यूलाच्या मधुचंद्रात ते कधीच नसतं.

"आँटी ब्यूला," शेजारच्या टेबलावरची प्रिसिला तिला छेडायची, "नवी नवरी ट्यूबलाइटखाली बसवतेस होय? तिचे मुरूम दिसतील ना नवऱ्याला!"

"दिसू देत. पुढे जन्मभर बघायचेच आहेत त्याला."

"पण मेणबत्तीचं वावडं का तुला?"

"समुद्रावर वारा असतो. विझते."

"आणि जंगलात?"

"तुझी चहाची वेळ झाली का गं?" ब्यूला म्हणायची, आणि विषय तिथेच मिटायचा. पार्लमधल्या जुन्या माणसांना कारण ठाऊक होतं. ती विचारत नसत.

कारण नेव्हिल. तिचा नवरा नदीपलीकडच्या एका मळ्यावर वायनरीत कामाला होता. लाल वाइन आंबून झाली की ती खालून काढून घेतात, आणि टाकीच्या तळाशी सालं-बियांचा कंबरभर चोथा उरतो. तो फावड्याने उपसायला माणसाला आत उतरावं लागतं. वाइन गेलेली असते, पण तिचा वायू आत बसून असतो. त्याला रंग नाही, दिसत नाही, आणि दोन श्वासांत माणूस आडवा करतो. म्हणून उतरण्याआधी तारेला मेणबत्ती बांधून आत सोडायची. जळत राहिली तर उतरायचं. विझली तर आत आपला जीवही असाच विझेल हे समजायचं आणि बाहेरच थांबायचं.

नेव्हिल या बाबतीत इतका काटेकोर की बाकीचे त्याला 'पाद्रीबाबा' म्हणत. त्याच्या पँटच्या खिशात सदा मेणबत्तीचं थोटूक असायचं, चर्चच्या पँटमध्येसुद्धा. ब्यूला खाकी कागद ठेवून त्यावरून इस्त्री फिरवायची आणि वितळलेलं मेण उतरवताना नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

लग्न झालं तेव्हा चांगल्या किनाऱ्यांवर 'फक्त गोऱ्यांसाठी' अशा पाट्या होत्या, त्यांच्यासारख्यांना पाय ठेवायची बंदी होती. नेव्हिलने तेव्हाच शब्द दिला होता, की पाट्या निघाल्या की नेईन. आधी ऍडोच्या जंगलात हत्ती बघू, मग मॉसेल बेला समुद्र, आणि वाइन प्यायला परत घरी, कारण द्राक्षं तर दारातच आहेत. पाट्या निघाल्या, पण दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. कधी द्राक्षाची तोडणी, कधी बाळंतपण, कधी सासूचं आजारपण. शेवटी लेक टॅरिन सहा वर्षांची झाली तेव्हा योग जुळून आला. वरातीमागून घोडं, पण घोडं एकदाचं निघालं होतं. चुलतभावाची पिकअप दारात उभी होती. ईस्टरच्या आठवड्यात निघायचं, नेव्हिल शेवटची टाकी उपसून आला की लगेच.

तो आला नाही. टाकीच्या दाराशी त्याचे बूट नीट जोडीने काढून ठेवलेले सापडले. मेणबत्ती कुठेच नव्हती.

मळ्याच्या चौकशीत लिहिलं गेलं की कामगाराचा निष्काळजीपणा. ते सांगायला मॅनेजर फळांची टोपली घेऊन घरी आला, तेव्हा ब्यूलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने टोपली रस्त्यावर भिरकावली. "मेणबत्ती तुमच्यातल्याच कुणीतरी उचलून नेली," ती ओरडली. "माझा नवरा निष्काळजी नव्हता!" त्यानंतर हा शब्द कुणी काढला की ती भांडायची. मग ते किराणा दुकान असो नाहीतर चर्चची पायरी. एका दिराशी तिचं बोलणं त्यावरूनच कायमचं तुटलं. नेव्हिलपाशी दुसरी इस्टेट नव्हती. काटेकोर माणूस हे नाव होतं, आणि ते तिने राखलं.

पण एक गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. त्या दुपारी वाट बघून ती कंटाळली होती. तिनेच वायनरीला फोन लावला, आणि नेव्हिल आला तसा रिसीव्हर टॅरिनच्या कानाला धरला. "डेडाला सांग, लवकर ये," तिने पोरीला शिकवलं. पोरगी गोड आवाजात म्हणाली, "डेडा, लवकर ये ना, हत्ती झोपून जातील." पलीकडून नेव्हिल काहीतरी बोलला, पोरगी हसली, आणि "येतोय" एवढंच आईला सांगून बाहुलीला टोपी घालायला पळाली.

तो आवाज ब्यूलाच्या कानातून गेला नाही. तिची एकच प्रार्थना असायची, की टॅरिनला तो फोन आठवू नये. आपण घाई लावली हे ओझं आपलं. पण ती घाई आपण पोरीच्या तोंडून लावली. ते तिला कधी कळलं, तर ती कशी जगेल? टॅरिन त्या फोनबद्दल कधी बोलली नाही. ब्यूलाने मनाशी धरलं, की विसरली. मुलं विसरतात.

नेव्हिल मात्र विसरू देत नव्हता. मार्च सरताना चोथ्याचा आंबूस वास खोऱ्यातून गावात उतरला की तो यायचा. कचेरीत तिच्यासमोर गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसायचा, आणि ती दुसऱ्यांचे मधुचंद्र आखत असताना मध्येच तोंड घालायचा. "अगं, समुद्रावर दोनच रात्री? तीन ठेव." ती तीन ठेवायची. गिऱ्हाइकं म्हणायची, बाई किती मनापासून करते. तो कधी रागावला नाही, कधी काही विचारलं नाही. तेच तिला सोसत नसे. त्याच्या केसांना तो वास असायचा, आणि पाय अनवाणी.

यंदा टॅरिनचं लग्न ठरलं. मुलगा शाळामास्तर, एल्ड्रिको नावाचा, उंच आणि लाजरा. गुड फ्रायडेच्या दुपारी टॅरिन एकटीच घरी आली. मसाला-व्हिनेगरात मुरलेले मासे आणि पाव पुढ्यात घेऊन मायलेकी स्वयंपाकघरात बसल्या.

"ममी, माझा हनीमून तू आखायचास."

"मग काय प्रिसिला आखणार? मी विचार केलाय. पश्चिम किनाऱ्याला जा. फुलं नसतील आत्ता, पण शांत आहे. नाहीतर नामिबियाचं वाळवंट..."

"वाळवंटात काय करू, वाळू मोजू? मला डेडाचा रस्ता हवाय. ऍडो, मॉसेल बे, आणि परत घरी."

"तो रस्ता जुना झाला गं. आता तिथे गर्दी असते."

"अगं, कालच कुणा फ्रेंच जोडप्याला तोच दिलास. प्रिसिला म्हणाली."

"त्या भवानीच्या जिभेला हाड नाही," ब्यूला म्हणाली आणि माशाचा काटा काढत बसली. पोरीने जिद्द धरली की ती बापाची. शेवटी ब्यूलाने हार मानली. हत्तींपाशी दोन रात्री, समुद्रावर तीन. ती बोलत गेली, आणि कुठलीही टेकडी तिने डोळ्यांनी पाहिलेली नसताना वळणावळणाने रस्ता सांगत गेली. टॅरिन ऐकत होती.

"आणि ममी, समुद्रावर एक जेवण. मेणबत्त्यांचं."

"वारा असतो."

"काचेत ठेवतात आता."

"टॅरिन, नको."

"मला माहितेय तू ते का काढून टाकतेस."

"अख्ख्या पार्लला माहितेय," ब्यूला म्हणाली. "पाव घे."

टॅरिनने पाव घेतला नाही. "पार्लला जे माहीत नाही, ते मला माहितेय. एल्ड्रिकोला सांगायला गेले, तर म्हणाला, आधी आईला सांग. म्हणून आले." तिने आपलं ताट बाजूला सारलं. "त्या दिवशी फोन मी केला होता. तुला आठवत नसेल."

ब्यूलाने उचललेला काटा परत ताटात ठेवला. इतकी वर्षं ज्याला दार लावून बसली होती, ते पोरीच्या घरात आधीपासूनच राहत होतं.

"मी म्हटलं लवकर ये. आणि डेडा म्हणाला..." टॅरिनने श्वास घेतला. "म्हणाला, मेणबत्ती संपलीय गं माझी, स्टोअरवाला कुलूप लावून घरी गेलाय. पण राहू दे, तुझे हत्ती झोपायच्या आत येतो. आणि म्हणाला, ममीला मेणबत्तीचं सांगू नकोस हं, ओरडेल ती. मला वाटलं, गंमत आहे. मी हसले. नाही सांगितलं तुला. मी तेव्हा सांगितलं असतं तर तू परत फोन केला असतास ना, ममी? ओरडली असतीस. तो उतरला नसता."

ब्यूलाला एकदम सगळं दिसलं. मेणबत्ती कुणी चोरली नव्हती. आयुष्यात एकदाच तो मेणबत्तीवाचून उतरला होता, बूट काढून, घाईत, लेकीच्या हत्तींसाठी. मळ्याच्या चौकशीत लिहिलेलं खरं होतं. आणि पोरगी म्हणत होती तेही खरं होतं. तिने सांगितलं असतं, तर आपण ओरडलोच असतो.

समोरच्या रिकाम्या खुर्चीवर नेव्हिल बसला होता. आज तो पोरीकडे बघत नव्हता. ब्यूलाकडे बघत होता. त्याला कळलं होतं, ती आता काय करणार ते.

"वेडी की काय तू?" ब्यूला म्हणाली. तिने आवाज चढवला, रोज भाजीवाल्यावर चढवते तसा, कारण साधा आवाज तिला फुटला नसता. "एवढंच ना? अगं, तो दर वर्षीच तसा उतरायचा!"

टॅरिनने वर बघितलं.

"शेवटच्या आठवड्यात मेणबत्ती कोण लावतो? सगळे कंटाळलेले असतात. मी किती डोकं फोडलं त्याच्यापुढे. दर ईस्टरला भांडण. तू लहान होतीस, तुला काय कळणार? नाहीतर 'ममीला सांगू नकोस' असं कशाला म्हणाला असता? आधी पकडला गेला होता म्हणूनच ना! तू सांगितलं असतंस तरी मी फोनवर चार शिव्या दिल्या असत्या, आणि तो हो हो म्हणून उतरलाच असता."

"पण तू तर सगळ्यांना सांगायचीस..."

"लोकांना काय सांगायचं? नवरा गेला, आता त्याची लाजही वेशीवर टांगू? काकाशी भांडले ते तोंडदेखलं. तो खरंच बोलत होता."

"खरंच, ममी?"

नेव्हिल खुर्चीतून बघतच होता. दुसऱ्या कशासाठीही हे केलं असतं तर तिने स्वतःला कधी क्षमा केली नसती. आताही करणार नव्हती. पण सहा वर्षांची पोर एकवीस वर्षं त्या टाकीच्या दाराशी उभी होती, आणि तिला तिथून आणायला दुसरं कुणी नव्हतं.

"खरंच," ब्यूला म्हणाली. "तुझा डेडा निष्काळजी होता, बाळा. पहिल्यापासून."

टॅरिनने टेबलावर डोकं ठेवलं आणि लहानपणी रडायची तशी मोठ्याने, नाक ओढत रडली. ब्यूला तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि समोरच्या खुर्चीकडे मान वर करून बघायचं तिने टाळलं.