फटीतला साबुदाणा

दहावीत मी आणि माझ्या मैत्रिणीने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी चेतापेशीचं मॉडेल केलेलं. ठाकुर्लीला आमची चाळ, समोरच्या बिल्डिंगमध्ये ती. जिल्ह्याला निवड झाली तर सायन्सला घालीन, असं बाबांनी कबूल केलं होतं. नाहीतर मुकाट्याने कॉमर्स.

गणपतीच्या मखराचा थर्माकोल उरलेला, त्यातून तिने दोन पेशी कापल्या. मधे गोळा, त्याला फुटलेल्या फांद्या आणि एक लांबलचक शेपूट. वायरिंग माझं. बाबा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात कामाला, तिथून त्यांनी पिवळ्या वायरीचे तुकडे आणून दिले. खरी गंमत अशी की दोन पेशी एकमेकींना चिकटत नाहीत. मधे बारीक फट असते आणि निरोप ती फट रसायनाच्या जिवावर ओलांडतो. आमचं रसायन म्हणजे साबुदाणा. पहिला बल्ब लागला की मी दांडी ओढायची, डबीतला साबुदाणा पलीकडच्या पत्र्यावर पडायचा, पत्रा दबून दुसरा बल्ब लागायचा. कधीकधी रुसायचाही. मी म्हणायचे, "असू दे गं, खऱ्या पेशींचेही सगळे निरोप कुठे पोचतात?" तिला ते पटायचं नाही.

परीक्षक आले तेव्हा बाबा अर्धी रजा टाकून मागे उभे होते. मी बटण दाबलं आणि दोन्ही बल्ब एकदम लागले. साबुदाणा अजून डबीतच. परीक्षकांनी मॉडेलची फळी उलटी केली. खालून एक लाल वायर, या पेशीतून थेट त्या पेशीत.

"हे कुणी केलं?"

"सर, वायरिंग सगळं हिचं आहे," मैत्रीण म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही बयेने. परीक्षकांनी यादीतल्या आमच्या नावांवर काट मारली.

घरी जाताना बाबा म्हणाले, "लाल वायर मी आणलीच नव्हती. बघितल्याबरोबर कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"अगं, त्यांच्या बिल्डिंगच्या टाकीवर पाणी भरतो आपण. उगाच कशाला वाकडं घ्यायचं?"

मैत्रिणीने केसाने गळा कापला, ते मी संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर गिळलं. बाबांचं मात्र अजून घशात आहे. दहावीचा निकाल लागल्यावर मी सायन्सचं नाव काढलं.

"निवड झाली तर, असं म्हटलेलं मी," ते म्हणाले. "जा, पाणी भरून ये आधी." आणि कळशी माझ्या हातात दिली.